सेंट झिटाचा प्रसाद

सीमा देवघरापाशी ओरडली तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. दोन झाल्या होत्या. "आई! व्हॉट इज दिस? इज दिस अ होस्ट?" मला आधी वाटलं मुंग्या झाल्या असतील, कारण ऑक्टोबरात गारठा पडायला लागला की इथल्या मुंग्या अंगण सोडून थेट आमच्या देवांकडे मुक्कामाला येतात. आमचं देवघर म्हणजे स्वयंपाकघरातलं सिंकच्या उजवीकडचं कपाट, दार काढून टाकलेलं. तिथं चांदीच्या वाटीत मी दुपारी तो ठेवला होता. पांढरा, रुपयाएवढा गोल, पापडाच्या कडेसारखा पातळ. "ओरडतेस काय?" मी म्हटलं. "प्रसाद आहे तो, हॉस्पिटलच्या चॅपलमधला. उद्या बाबा येतील, त्यांच्यासाठी आणलाय. तुला हवा तर कोपरा मोडून घे." ती मागे सरकली. वाटीत विंचू दिसावा तशी सरकली आणि तिचे दोन्ही हात पाठीमागे गेले. "मोडून? आई, यू टुक इट होम? इन युवर पर्स?" रुमालात बांधून आणला, मी म्हटलं, स्वच्छ, इस्त्रीच्या रुमालात. मला तेव्हाही कळलं नव्हतं. पंधरा वर्षं ज्या बायकांच्या हाताखाली काम केलं त्यांच्या देवाबद्दल मला माझ्या चौदा वर्षांच्या पोरीनं सांगावं लागलं, आणि तेही तिकडं डाळ करपत असताना.

सीमा मुलींच्या कॅथलिक हायस्कूलमध्ये जाते. माझ्या हॉस्पिटलातल्या लॅबच्या प्रमुख नन, सिस्टर ल्युडमिलांनीच चिठ्ठी देऊन तिला तिथं घ्यायला लावलं होतं. रोज एक तास धर्माचा असतो, आणि मी तो तास नेहमीच उडवून लावत आले. असू दे, खोटं बोलू नये, मोठ्यांचं ऐकावं, असलंच काही शिकवत असतील, आपलं काय जातंय. तिथं काय शिकवतात हे तिला एकदाही विचारलं नाही. गणिताचा पेपर मात्र दर शुक्रवारी मागून घेते. आता ती पोर हातवारे करून मला समजावत होती. होस्ट म्हणजे साधा ब्रेड नाही. फादरनी ते शब्द म्हटले की ब्रेड उरतच नाही, येशू स्वतः असतो. जिथं मिळतो तिथंच, त्यांच्यासमोर खायचा. आणि खायचा तो फक्त कॅथलिकांनी. "यू आर नॉट ईव्हन सपोज्ड टू बी इन द लाइन, आई!" म्हणजे मूर्तीसारखं का, मी विचारलं. "नो! नॉट लाइक अ मूर्ती. लाइक, हिम. हिज बॉडी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सिस्टर इन स्कूल सेड, पीपल स्टील इट. फॉर डेव्हिल वर्शिप अँड स्टफ." माझी पाचावर धारण बसली. शरीराबिरीराचं मला नीट समजलं नाही, पण एक गोष्ट लख्ख समजली. प्राणप्रतिष्ठा झालेली आहे. प्राणप्रतिष्ठा झालेला दुसऱ्यांचा देव मी मुठीत धरून, रुमालात गुंडाळून, पर्समध्ये गाडीच्या किल्ल्या आणि खोकल्याच्या गोळ्यांबरोबर घरी आणला होता. आणि पोरीला म्हटलं होतं, कोपरा मोड.

आज दुपारी बाराला चॅपलमध्ये शेवटची मास होती. मास म्हणजे त्यांची रोजची पूजा. सेंट झिटा हॉस्पिटल आता एका मोठ्या कंपनीकडे चाललंय, सिस्टर लोक उद्या सकाळी दहाला व्हॅनमध्ये बसून त्यांच्या मूळ मठात, शंभर मैलांवर, कायमच्या जाणार. नव्वद होत्या एके काळी, आता नऊ उरल्या आहेत, आणि त्यातली सगळ्यात धाकटी एकसष्ट वर्षांची. नव्वद वर्षांपूर्वी पाचजणी युरोपातल्या कुठल्या डोंगराळ मुलखातून आल्या, मिलच्या फाटकाशी टोपल्या घेऊन उभ्या राहिल्या, भाजलेल्या कामगारांना घरी घेऊन गेल्या, असं त्या कॉरिडॉरमधल्या फोटोखाली लिहिलंय. दर रविवारी कामगारांनी विटा वाहून हे चॅपल बांधलं. टेकडीखाली चार गल्ल्यांत सहा चर्चं. पोलिशांचं वेगळं, स्लोव्हाकांचं वेगळं, जर्मनांचं, आयरिशांचं, इटालियनांचं, क्रोएशियनांचं वेगळं; प्रत्येकाचा फादर वेगळा, शाळा वेगळी, पाववालासुद्धा वेगळा. एकाहत्तर साली पिट्सबर्गला आल्या आल्या मी नवऱ्याला, नरेंद्रला, म्हटलं होतं, बघा, पोटजातींच्या पंगती इथंही वेगळ्याच. आम्ही हसलो होतो. तेव्हा नदीकाठच्या मिल धडधडत होत्या, रात्री आभाळ तांबडं दिसायचं, आणि नरेंद्र त्यातल्याच एका मिलच्या संशोधन खात्यात होता. मग मिल बंद पडल्या. नरेंद्रला चौऱ्याऐंशीत घरी बसवलं, आता तो दुसऱ्या राज्यात, एडिसनला नोकरी करतो आणि एक आड एक शुक्रवारी सहा तास ड्राइव्ह करून येतो. मिल गेल्या तशी माणसं गेली, आणि आता त्या सहा चर्चांचं एक करायचं चाललंय. कुणाचा संत मधोमध उभा करायचा यावरून म्हाताऱ्या बायका एकमेकींशी बोलत नाहीत. ह्या सगळ्याला मी नेहमी लांबून हसत आले. लांबून सगळंच हसण्यासारखं दिसतं.

आणि हसता हसता मी आज त्या रांगेत उभी राहिले. का राहिले? पंधरा वर्षं सणासुदीला चॅपलमध्ये जायचे, शेवटच्या बाकावर बसायचे, हात जोडायचे आणि रांग सुरू झाली की मान खाली घालून बसून राहायचे. आजही तसंच करणार होते. पण आज चॅपल खच्चून भरलं होतं, लाँड्रीतले, किचनमधले, जुने डॉक्टर, पूर्वी इथं बाळंत झालेल्या बायका, आणि दाराशी उभा असलेला माणूस बाकामागून बाक उठवत होता. आमचं बाक उठलं. मी कडेलाच होते. मी बसून राहिले असते तर सगळ्यांना माझे गुडघे ओलांडून जावं लागलं असतं. नाही, हे खोटं. गुडघे वळवता आले असते. खरं म्हणजे मला वाटलं, शेवटचा दिवस, शेवटचा प्रसाद, आणि आपण नको म्हणून बसून राहायचं? नागपूरला लहानपणी शेजारच्यांच्या सत्यनारायणाला मी एकदा प्रसाद नको म्हटला होता, पोट दुखत होतं म्हणून, तर आईनं घरी आल्यावर पाठीत धपाटा घातला होता. प्रसादाला नाही म्हणू नये, तो कुणाचाही असो. सगळे हात पुढं करत होते तसा मीही केला, उजव्या हाताखाली डावा. फादर तरुण, बाहेरून आलेले, मला न ओळखणारे. ते काहीतरी म्हणाले, आणि मी म्हणाले, "थँक्यू." थँक्यू! सीमा म्हणते, आमेन म्हणायचं असतं. फादर एक क्षण थांबले होते, मला वाटलं माझ्या साडीकडे बघतायत. मग मी मूठ मिटली आणि वळले. कुणी प्रसाद दिला की एकट्यानं उभ्या उभ्या तोंडात टाकायची आम्हाला सवयच नाही. घरी नेतो, सगळ्यांना कण कण देतो. नरेंद्र पंधरा पंधरा दिवस एकटा डबे खातोय, सीमाची बुधवारी परीक्षा, त्यांच्यासाठी न्यायला नको? मी मूठ मिटून चालू लागले आणि पहिल्या बाकाच्या टोकाला सिस्टर ल्युडमिला बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे की माझ्या मुठीकडे?

ह्या एका प्रश्नानं मला संध्याकाळपासून कुरतडायला घेतलंय. मी हसले होते त्यांच्याकडे बघून. त्या हसल्या नव्हत्या. पण त्या तशाही हसत नाहीत. मी मनातल्या मनात तीन वेळा त्या बाकाजवळून चालत गेले. पहिल्यांदा त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर होती, दुसऱ्यांदा साडीच्या निऱ्यांवर, तिसऱ्यांदा सरळ मुठीवर, आणि त्यांचा हात काठीवर घट्ट झाला होता. तो खरंच घट्ट झाला होता का? नंतर मास संपली, तेव्हा फादरनी ते सोन्याचं लहानसं कपाट उघडलं, उरलेलं सगळं स्वतः खाल्लं, भांडं धुतलं, पाणी प्याले, कपाटाचं दार उघडंच ठेवलं आणि शेजारचा लाल दिवा फुंकून टाकला. दिवा विझला तशा सिस्टर लोक रडायला लागल्या. मी पण रडले, मला वाटलं वास्तू सोडताना रडतात तसं. आता कळलं. त्या इमारतीत त्यांचा देव उरला नव्हता, म्हणून त्या रडत होत्या. कणन् कण हिशेबानं संपवला होता त्यांनी. आणि एक माझ्या पर्समध्ये होता.

सिस्टर ल्युडमिलांना दुखवणं म्हणजे काय, हे नरेंद्रला समजत नाही. त्याला वाटतं बॉस. ह्या शहरात मला मोठं माणूस म्हणून कुणी असेल तर त्या. माझी आई गेली तेव्हा तार चौथ्या दिवशी पोचली, आणि मी लॅबमध्ये तशीच कामाला गेले होते, कारण घरी बसून भिंतीकडे बघवेना. त्यांनी माझ्या हातातलं यंत्र बंद केलं, स्टूल ओढलं, माझ्याशेजारी दोन तास बसून राहिल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. सत्तर ओलांडलेली बाई. त्यांचे वडील ह्याच मिलमध्ये भाजले आणि ह्याच हॉस्पिटलात वारले, आणि पोरगी त्याच वर्षी मठात गेली. नागपूरची एम.एस्सी. झूऑलॉजी घेऊन मी आले तेव्हा कुणी दारात उभं करत नव्हतं. ह्यांनी एकच विचारलं, "बेडूक कापलेत? किती?" मी म्हटलं, शेकड्यांनी. "माणसं जास्त नाजूक असतात," म्हणाल्या आणि ॲप्रन दिला. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे, डॉक्टरांना द्यायचे, हे माझं काम. गाठ कुणाची साधी, कुणाची वाईट, ते त्यावर ठरतं. पंधरा वर्षांत माझ्या हातून एक तुकडा हरवला नाही. मोहरीएवढा असला तरी नाही. एकदा एक नवी मुलगी म्हणाली, टिचभर तर आहे, दुसरा मागवू, तर सिस्टर तिच्यावर अशा कडाडल्या की सगळा मजला गप्प झाला. आणि ती मी, तुकडे न हरवणारी, आज दिवसाढवळ्या त्यांच्या देवाला उचलून घेऊन आले.

आणि गंमत म्हणजे देवाबद्दल आमच्यात कधी अक्षर निघालं नाही. ख्रिसमसला त्या मला कार्ड द्यायच्या, त्यावर मेणबत्तीचं चित्र, येशूचं कधी नाही. दिवाळीला मी चकल्या न्यायचे, त्या दाताखाली धरून म्हणायच्या, "खुसखुशीत." बस. दिवाळी म्हणजे काय, त्यांनी विचारलं नाही. मेणबत्तीच का, मी विचारलं नाही. मी ह्याला सभ्यपणा समजत होते. सीमाला मोठ्या तोऱ्यात सांगायचे, बघ, ह्याला म्हणतात दुसऱ्याच्या धर्माचा मान ठेवणं.

साडेसहाला पद्मिनीला फोन केला. पद्मिनी म्हणजे डॉक्टर राजारामांची बायको, आमच्या मंडळाची तहहयात अध्यक्ष. वीस वर्षं इथं आहे, तिला सगळं माहीत असतं. ती इतकी हसली की मला रिसिव्हर कानापासून लांब धरावा लागला. "अगं मृणालिनी, बिस्किट ते! खाऊन टाक चहाबरोबर. तूही ना यार, राईचा पर्वत करतेस." बिस्किट म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, बालाजीच्या देवळातला लाडू कुणी गोऱ्या बाईनं कचऱ्यात टाकला तर तू काय म्हणशील? बुंदीच ती, असं म्हणशील? मागच्या वर्षी पार्किंग लॉटमध्ये प्रसादाचा द्रोण दिसला तर तूच तासभर भाषण दिलंस. ती गार पडली. "ते वेगळं," म्हणाली. काय वेगळं, ते काही तिला सांगता आलं नाही. मलाही आलं नसतं. मी फोन ठेवला आणि मला माझंच आश्चर्य वाटलं, की मी कुणाच्या बाजूनं भांडतेय.

मग नरेंद्रचा फोन आला, रोजच्यासारखा, सात वाजता. तो शांतपणे ऐकतो, इंजिनियर माणूस, आधी सगळं ऐकून घेणार आणि मग एक, दोन, तीन करून सांगणार. खायचा नाही, कारण आपल्याला हक्क नाही. टाकायचा नाही. म्हणजे नदीत सोडायचा, निर्माल्य सोडतो तसा, पुलावरून, हात जोडून. झालं. "आणि सिस्टरांना सांगू नकोस." का, मी म्हटलं. "का म्हणजे? म्हातारी बाई. सगळं आयुष्य ज्या जागेत काढलं ती जागा उद्या सुटतेय. त्यात हे कशाला? तिला सुखानं जाऊ दे. तुझं मन हलकं व्हावं म्हणून तिचं जड करणार का तू?" "अहो, पण त्यांनी बघितलं असलं तर?" मी विचारलं. तो म्हणाला, "बघितलं असतं तर बोलल्या नसत्या?" हे बरोबर होतं. आणि बरोबर असूनही माझा जीव टांगणीलाच राहिला. कारण त्यांनी बघितलं असेल आणि त्या बोलल्या नसतील, तर त्या मनात काय घेऊन उद्या व्हॅनमध्ये बसतील? की पंधरा वर्षं हाताखाली असलेली ही बाई, हिला आपण शिकवलं, हिच्या पोरीला शाळेत घातलं, आणि हिनं शेवटच्या दिवशी आपला देव चोरला. मग त्या मठात त्या किती वर्षं जगतील, पाच, सात? तेवढी वर्षं रोज त्यांच्या प्रार्थनेत मी एक चोर म्हणून असणार. सांगावं तर त्यांचं मन मोडणार. न सांगावं तर आमच्यात जे काही होतं ते कुजणार. इकडे आड, तिकडे विहीर.

दिवा लावायची वेळ टळून गेली होती. वात लावली आणि काडी हातातच राहिली. हा पाहुणा इथं बसलाय, ह्याला आपला दिवा चालेल का? ह्याच्यासमोर आरती म्हटली तर त्यात ह्याचं नाव नाही, म्हणजे पंक्तिप्रपंच. नाही म्हटली तर आपल्या देवांना उपास. सीमा दारात उभी राहून बघत होती. हल्ली ती देवासमोर उभी राहत नाही, शी इज बिझी. म्हणाली, "जस्ट लाइट इट, आई." मी लावला. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आर यू गोइंग टु टेल हर?" मी म्हटलं, बाबा नको म्हणतात. "दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड," ती म्हणाली. पोरी फार लवकर मोठ्या होतात इथं. मला एकदम तिचा राग आला आणि एकदम तिला जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्हीपैकी काहीच केलं नाही, करपलेली डाळ खरवडत बसले. रात्र कशी गेली ते विचारू नका.

सकाळी सीमाला बसस्टॉपवर सोडलं. वाटी तशीच लॅबमधल्या काचेच्या झाकणाच्या बशीत उपडी केली होती, बशी पर्समध्ये नाही ठेवली, शेजारच्या सीटवर ठेवली, आणि वळणावर घसरेल म्हणून एक हात त्यावर ठेवून गाडी चालवली. पुलावर आले. खाली नदी, करडी, संथ, काठावर बंद मिलची लांबच लांब छपरं, आणि पलीकडच्या चढावर सहाही चर्चांचे मनोरे एकमेकांकडे पाठ करून उभे. गाडी हळू केली. काच खाली केली तर गार वारा आत आला. एका हाताचं काम होतं. नरेंद्रनं सांगितलं होतं, हात जोडायचे आणि झालं. पण मला एकदम दिसलं की मी हे नदीसाठी करत नाही, देवासाठी तर नाहीच नाही. मी पुरावा बुडवतेय. मागच्या ट्रकनं हॉर्न मारला, ड्रायव्हर काहीतरी ओरडला, आणि मी काच वर करून पुढं गेले. पुलाच्या टोकाला लाल दिवा लागलेला मला दिसलाच नाही. देवाच्या कृपेनं, कुठल्याही देवाच्या, समोरून कुणी आलं नाही.

सिस्टर लोकांचं घर हॉस्पिटलच्या मागं. पॅसेजमध्ये खोकी रचलेली, भिंतीवर तसबिरींच्या जागी स्वच्छ चौकोन. आतून कपबशांचा आवाज येत होता, आठजणी नाश्ता करत होत्या. सिस्टर ल्युडमिला बाहेरच्या खोलीत एकट्या, कोट घालून, काठी गुडघ्यांत धरून खिडकीशी बसल्या होत्या. अजून नऊही वाजले नव्हते. मी पाठ केलेलं पहिलं वाक्य काढायला तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "दार लाव." मी लावलं. मग माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, "आणलास?"

मी समोरच्या खोक्यावरच बसले. "तुम्ही बघितलं होतं," मी म्हटलं. "बघितलं होतं." मग थांबवलं का नाही, मी विचारलं, आणि माझा आवाज चोरट्यासारखा निघाला. त्या खिडकीकडे बघत बोलल्या. "एक शब्द बोलले असते तर फादर तुझ्यामागं धावले असते. तो नियमच आहे. चारशे माणसांसमोर तुझी मूठ उघडायला लावली असती. मला ते बघवलं नसतं. म्हणून मी गप्प बसले. पन्नास वर्षांत मी अशी गप्प पहिल्यांदा बसले, मृणालिनी, आणि रात्रभर त्याची भरपाई केली. तो कुठं पडला असेल ते मनात शोधत राहिले. कचऱ्याचा डबा झाला. गाडीची खाच झाली. पहाटे चारला मी कपडे धुवायच्या मशीनपर्यंत पोचले होते. कॉफीसुद्धा घेतली नाही. तू तो घेऊन आलीसच तर मला उपाशीपोटी घ्यायला हवा म्हणून." मी म्हटलं, मला माहीत नव्हतं हो सिस्टर, शपथ घेऊन सांगते, मला वाटलं प्रसाद, आमच्यात घरी नेतात, मी नवऱ्यासाठी, पोरीसाठी. माझं इंग्लिश पार कोसळलं. त्यांनी हात वर केला. मग पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं, आणि त्या भयंकर चिडलेल्या होत्या. "पंधरा वर्षं शेवटच्या बाकावर बसलीस," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षं! एकदा विचारता आलं नाही, तुम्ही रांगेत जाऊन काय खाता म्हणून?"

आता वरमून गप्प बसायला हवं होतं. पण रात्रभरची जागी मी, माझाही पारा चढला. "तुम्ही तरी कुठं सांगितलंत?" मी म्हटलं. "मेणबत्तीची कार्डं दिलीत!" त्यांचं तोंड उघडंच राहिलं. आतला कपबशांचा आवाज थांबला आणि परत सुरू झाला. मग त्या म्हणाल्या, "मला भीती वाटायची, तुला वाटेल ही म्हातारी मला बाटवायला निघालीय. तू नोकरी सोडशील." मी म्हटलं, "आणि मला वाटायचं, विचारलं तर तुम्हाला वाटेल ही आगाऊपणे चौकशा करतेय." मला रडू आलं ते अपराधाचं नव्हतं. रोज आठ तास, खांद्याला खांदा लावून, एकाच दिव्याखाली, आणि दोघी बायका एकमेकींच्या भीतीनं गप्प.

त्यांनी हात पुढं केला. मी बशी दिली. त्यांनी झाकण काढलं नाही. "रात्रभर कुठं होता?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज अगदी बारीक झाला, दवाखान्यात नातेवाईक विचारतात तसा. मी म्हटलं, "आमच्या देवघरात. चांदीच्या वाटीत. देवांजवळ. दिवा लावला होता." बशीवरचा त्यांचा अंगठा हलत होता. मग म्हणाल्या, "म्हणजे एकटा नव्हता."

त्यांनी छातीवर क्रॉसची खूण केली, झाकण काढलं, तो उचलला आणि जिभेवर ठेवला. डोळे मिटून घेतले. मी दुसरीकडे बघायला हवं होतं, पण बघितलं नाही. बशीत उरलेले कण त्यांनी बोटानं टिपून घेतले, शेजारच्या ग्लासातलं पाणी बशीत ओतून तेही प्याल्या. मग म्हणाल्या, "फादरना हे कळवायची गरज नाही. माझं गप्प बसणं मी तिकडं पापाच्या कबुलीत सांगेन. तिथं एक म्हातारे फादर आहेत, त्यांना ऐकू कमी येतं." हे त्या हसून म्हणाल्या की तशाच, ते मला डोळ्यांत पाणी असल्यामुळे दिसलं नाही. खोलीतलं घड्याळ काढून नेलं होतं, पण बाहेर एक पांढरी व्हॅन चढावरून वळताना दिसली, एक तास आधीच. पॅसेजमध्ये लगबग सुरू झाली, कुणीतरी "ल्युडमिला!" अशी हाक मारली. त्या उठल्या नाहीत. काठी बाजूला ठेवली, कोटाची वरची दोन बटणं काढली, खुर्ची माझ्याकडे ओढून घेतली.

"सांग," त्या म्हणाल्या. "कोण कोण असतं तिथं?"

मी डोळे पुसले. "आधी गणपती," मी म्हटलं. "त्याला हत्तीचं डोकं आहे, ते का ते सांगते. मग बाळकृष्ण. तो रांगतोय, हातात लोण्याचा गोळा आहे, माझ्या आजीकडून आईकडे आला, आईकडून मला." त्या पुढं झुकून ऐकत होत्या, ओठांनी माझ्यामागून नावं म्हणून बघत होत्या. "तिसरी अन्नपूर्णा," मी म्हटलं, आणि बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला.